कडेला उभे राहणाऱ्यांची बाजू

पुणे जिल्ह्यात १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत 'पुणे ग्रँड टूर' या नावाने जी आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत भरली, ती पाहण्यासाठी आमच्या कऱ्हाडजवळच्या मलकापुरातून जी थोडी मंडळी मुद्दाम गेली होती, त्यांना परत आल्यावर घरात, कट्ट्यावर आणि ढेबेवाडी फाट्यावरच्या चहाच्या गाड्याभोवती एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागले : 'तिथं बघायला होतं तरी काय?' हा प्रश्न जिज्ञासेपोटी विचारलेला असता, तर त्याचे उत्तर देण्यात आनंदच वाटला असता. परंतु विचारणाऱ्याने आपला फैसला अगोदरच लिहून ठेवला होता आणि प्रतिवादीची कैफियत ऐकून घेण्याची त्याची तयारी नव्हती. हा फैसला एकट्यादुकट्याचा असता तरी तो सोडून देता आला असता. पण सुशिक्षित, अशिक्षित, तरुण, वयस्क, सायकल चालवणारे आणि न चालवणारे, सगळेच आज तो इतक्या सहजपणे उच्चारतात, की त्याला लोकमताचा दर्जा आला आहे. आणि चुकीच्या लोकमताला वेळीच हरकत घेतली नाही, तर पुढे तेच वहिवाट होऊन बसते.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्यातले काही न वगळता मांडतो. तो पक्ष म्हणतो : सायकल शर्यतीला प्रेक्षक असणे हीच मुळात निरर्थक गोष्ट आहे. तीन तास उन्हात ताटकळायचे आणि दहा सेकंदांत सारे समोरून निघून जायचे; त्यात कोण पुढे, कोण मागे, हेही उमगत नाही. पाहायचेच असेल, तर घरी पडद्यावर अधिक चांगले दिसते. शिवाय हा खेळ आपला नव्हे; ज्या सायकलींच्या किमती लाखांच्या घरात, त्या परदेशी लोकांच्या आणि धनिकांच्या. आपली पोरे त्यात मागेच राहायची, मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? आणि एवढ्यासाठी रयतेचे रस्ते बंद करायचे, एरवी वर्षानुवर्षे न बुजणारे खड्डे परक्यांसाठी रातोरात बुजवायचे, हा सरकारी पैशाचा अपव्यय आहे. एवढे हे म्हणणे आहे. त्यातले एकही कलम विचाराच्या कसोटीला उतरत नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी कलमवार सिद्ध करणार आहे.

प्रथम त्या दहा सेकंदांचा हिशेब घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार एका सेकंदात साडेबारा मीटर अंतर कापतो. दीडशे-पावणेदोनशे स्वारांचा घोळका, जो रस्ताभर पसरून सुमारे दोनशे मीटर लांबीचा होतो, तो आपल्यासमोरून जायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. म्हणजे सपाटीपुरता आक्षेपकांचा आकडा फारसा चुकीचा नाही. पण पाहण्याचे मूल्य सेकंदांत मोजायचे, हा न्याय या मुलखात कुणी आणि केव्हापासून मान्य केला? कुंडलच्या कुस्ती मैदानाला सांगली, सातारा, कोल्हापूर या तीनही जिल्ह्यांतून माणसे जातात, दुपारपासून मांडी घालून बसतात, हलगी कानात घुमत असते, लहान-मोठ्या जोड्या सुटत जातात, आणि दिवे लागल्यावर नंबर एकची कुस्ती पुकारली जाते. ती कुस्ती कधी अर्धा तास खडाखडीतच रेंगाळते. कधी मात्र सलामी झडते न झडते तोच एक पैलवान ढाक लावून दुसऱ्याला अस्मान दाखवतो, आणि ज्याने त्या क्षणी धोतराचा सोगा सावरायला मान खाली घातली, त्याला निकाल शेजाऱ्याकडून ऐकावा लागतो. अशा वेळी 'सहा तास बसलो आणि कुस्ती दोन मिनिटांत संपली, सबब कुस्ती पाहणे व्यर्थ' असे म्हणत कुणी घरी गेलेला मला आजवर भेटलेला नाही. उलट ती दोन मिनिटे तो वीस वर्षे सांगत असतो. मग सायकलीच्या बाबतीतच घड्याळ बाहेर का निघावे?

खरे कारण असे आहे की कुस्ती कशी पाहावी हे या मातीतल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही, आणि रस्त्यावरची शर्यत कशी पाहावी हे त्याला अजून कुणी शिकवलेले नाही. ज्याला डाव ओळखता येत नाही, त्याला कुस्ती म्हणजे दोन माणसांची झोंबाझोंबीच वाटणार. तसेच ज्याला घोळक्याची रचना कळत नाही, त्याला शर्यत म्हणजे रंगीत कपड्यांची एक झुळूक वाटणार. यात दोष शर्यतीचा नाही.

घोळका म्हणजे काही गर्दी नव्हे. वेगाने सायकल चालवणाऱ्याचा मुख्य शत्रू रस्ता नसून वारा असतो, आणि हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, नेदरलंड्समधील आइंडहोव्हेनच्या तंत्र विद्यापीठातील बर्ट ब्लॉकेन यांच्या संशोधनात १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले, की घोळक्याच्या पोटात सुरक्षित बसलेल्या स्वाराला होणारा हवेचा विरोध, तो एकटा त्याच वेगाने गेला असता जितका झाला असता, त्याच्या पाच ते दहा टक्के इतका खाली उतरू शकतो. या एका वस्तुस्थितीतून या खेळाचे सारे राजकारण जन्माला येते. पुढे राहून वारा कुणी खायचा, कुणी मागे दडून बळ राखायचे, आपल्या नायकासाठी पाण्याच्या बाटल्या आणायला मागच्या मोटारीपर्यंत कुणी जायचे, वारा बाजूने आला म्हणजे तिरपी रांग धरून परसंघाला कडेच्या मातीत कसे ढकलायचे, आणि शंभर किलोमीटर दुसऱ्यासाठी झिजून शेवटच्या दोन किलोमीटरांत आपण बाजूला कसे व्हायचे; ज्याचे नाव कोणत्याही निकालपत्रकात वर छापले जाणार नाही, अशा माणसाने केलेली ही चाकरी पाहण्यासारखी नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आपल्या अंगाचा आडोसा करून दुसऱ्याला वाऱ्यातून सुखरूप नेणारा असा स्वार प्रत्येक संघात असतो. तो कोणता, हे ज्याला ओळखता आले, त्याने शर्यत पाहिली.

आणि उभे कुठे राहायचे, हेही एक ज्ञान आहे. चढावर वेग उतरतो, वेग उतरला की वाऱ्याचा विरोध घटतो, आणि दुसऱ्याच्या आडोशाचा फायदा बराच कमी होतो. ज्याच्या पायात जे असेल, तेवढेच त्याच्या कामी येते. म्हणून सपाटीवर एकसंध दिसणारा घोळका घाटात फाटतो. प्रथम चार-पाच जण, मग एकटा, मग दहांचा जथा, मग बराच वेळ रिकामा रस्ता, मग पुन्हा एक. शेवटचा स्वार येईपर्यंत दहा मिनिटेही जातात, वीसही जातात. दहा सेकंदांची तक्रार करणाऱ्यांना माझा साधा सवाल आहे : तुम्ही उभे कुठे होता? शहरातल्या रुंद, गुळगुळीत, उताराच्या रस्त्यावर, जिथे मोटार लावायला जागा होती आणि जवळ उपाहारगृह होते, तिथेच ना?

आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका चढाच्या डोक्याशी उभे राहिलो होतो. पहाटेच्या अंधारात मलकापूर सोडून, खंबाटकीचा घाट उतरून गेलो, तेव्हा गावातली माणसे अंगावर शाली पांघरून रस्त्याच्या कडेला येऊन बसू लागली होती. दोरी धरून उभ्या असलेल्या पोलीस शिपायाने पोरांना दोनदा मागे हटवले. आधी सूचना देणाऱ्या मोटारी गेल्या, मग मोटारसायकली, आणि मग वळणावर पहिला स्वार दिसला. माझ्यापासून तो दोन हातांवरून गेला. त्याच्या चोळण्यावर वाळलेल्या घामाचे मिठाचे पांढरे डाग होते, सदऱ्याची चेन पोटापर्यंत उघडी होती, आणि श्वासाचा आवाज मोटारींच्या गोंगाटातही स्वच्छ ऐकू येत होता. त्याने गिअर बदलला, त्या क्षणाची साखळीची कट्ट अशी खणखणीत टिचकी मला आजही आठवते. मग एकामागून एक येत गेले. कुणाच्या कोपराला रक्त सुकलेले, कुणी मान खाली घालून आपल्याच चाकाकडे पाहत चाललेला, कुणी शेजारच्याशी काही बोलत. सर्वांच्या मागे, बरेच अंतर टाकून, एक पोरसवदा स्वार आला. त्याच्यामागे रुग्णवाहिका आणि शर्यत सोडणाऱ्यांना उचलून घेणारी गाडी हळूहळू चालली होती. एव्हाना लोक पांगू लागले होते. माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांनी विचारले, 'शेवटचा हाय व्हय त्यो?' मी हो म्हणालो. तशा त्या उठल्या आणि पांगणाऱ्या माणसांवर ओरडल्या, 'आवं, मग टाळ्या का थांबवल्यासा? पुढच्यांस्नी वाजवल्या, आन् ह्यानं काय घोडं मारलंय?' आणि सगळा जमाव पुन्हा दोरीशी आला. पोराने मान वर करून पाहिले, पायडलवर उभा राहिला आणि वळणाआड गेला. त्या आजींनी आयुष्यात कधी सायकल शर्यत पाहिली नसावी. पण प्रेक्षकाचे कर्तव्य त्यांना कुणी समजावून द्यावे लागले नाही.

आता पडद्याचा मुद्दा. पडद्यावर अधिक दिसते, हे विधान दिसणे या क्रियेचा अर्थच संकुचित करते. कॅमेरा आघाडीवरच्यांच्या मागे लागतो. तो पोरसवदा स्वार, त्याच्यामागची ती गाडी, बाटल्या वाहून नेणारा चाकर, यांना पडद्यावर क्षणभर जागा मिळाली तर मिळाली. आकाशातून घेतलेल्या चित्रात घाट सपाट दिसतो; ज्या चढावर मोटारीचा दुसरा गिअर लागतो, तो चढ पडद्यावर अंगणासारखा भासतो. वेगही कळत नाही, कारण कॅमेराही त्याच वेगाने धावत असतो. पडद्याची उपयुक्तता मी नाकारत नाही. शर्यतीची एकूण गोष्ट, कोण किती सेकंदांनी पुढे आणि कोणाचा डाव कुठे फसला, ही तिथेच समजते. पण गोष्ट समजणे आणि साक्षीदार असणे या दोन अवस्था भिन्न आहेत. गणपतीची मिरवणूक, साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा, मुलाचे लग्न, यांपैकी काहीही आपण केवळ पडद्यावर पाहण्यास तयार नसतो. तिथे जातीने हजर राहण्याचा आग्रह धरणारे लोक सायकलीच्या वेळीच एकाएकी पडद्याचे भक्त का होतात?

त्यातही या खेळाचा एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. क्रिकेटला तिकीट लागते, फुटबॉलला लागते, कुस्तीच्या मोठ्या मैदानांतही आता बैठकीच्या प्रती पडल्या आहेत. रस्त्यावरची शर्यत मात्र प्रथमपासून फुकट आहे. १९०३ साली 'लोटो' या फ्रेंच वृत्तपत्राने आपला खप वाढावा म्हणून फ्रान्सची फेरी ('टूर द फ्रान्स') सुरू केली, सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर. वृत्तपत्राला वाचक हवे होते आणि रस्ता सर्वांचाच होता, सबब पाहणाऱ्याकडून दाम घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. ती प्रथा आजही चालू आहे. आयोजकांच्या अंदाजानुसार दर जुलै महिन्यात एक कोटीहून अधिक माणसे त्या शर्यतीच्या कडेला उभी राहतात, आणि त्यांतला कामगार जगज्जेत्यापासून तेवढ्याच अंतरावर असतो, जेवढ्यावर मंत्री असतो. ज्या खेळात अंगठीधारी पाहुण्याला आणि पायी आलेल्या शेतमजुराला एकच कड मिळते, त्याला धनिकांचा खेळ म्हणणे ही वस्तुस्थितीची उलटापालट आहे.

सायकली महाग आहेत, हे खरे. पण त्यावर बसणारे कोण होते आणि कोण आहेत, हे आक्षेपकांनी कधी पाहिले आहे काय? फ्रान्सची पहिली फेरी जिंकणारा मोरिस गारँ धुराडी साफ करणारा होता. इटलीचा फाउस्तो कोप्पी, ज्याचे नाव या खेळात अत्यंत आदराने घेतले जाते, तो लहानपणी खाटकाच्या दुकानातला माल सायकलीवरून घरोघर पोचवत असे. २०२४ साली फ्रान्सच्या फेरीत तीन टप्पे जिंकून सर्वाधिक गुणांचा हिरवा सदरा मिळवणारा बिनियम गिरमाय हा एरिट्रियाचा. त्या देशाच्या दारिद्र्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. या खेळाचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशी कष्टकऱ्यांच्या मुलांचाच इतिहास आहे, आणि असणारच. कारण दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर पाय मारण्याची चिकाटी सुखवस्तू घरात सहसा उपजत नाही.

आणि हा खेळ आपला नाही म्हणजे काय? मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाट चढून कित्येक दशके होत आली आहे, आणि त्या घाटात जो पहिला येतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. ही पदवी कुणी परदेशातून मागवलेली नाही. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ साली सायकलीवर जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली परत आले, तेही याच इलाख्यातून. आणि ज्यांनी चार-पाच दशकांपूर्वीचे आमच्या भागातले बाजाराचे दिवस पाहिले आहेत, त्यांना चौकात सात-सात दिवस रात्रंदिवस सायकल फिरवत ठेवणारा तो माणूस आठवत असेल. बैलगाडीची दोन चाके मावतील एवढ्या वर्तुळात तो फिरत असे, सायकलीवरच दात घाशी, सायकलीवरच जेवी, आणि लोक पेट्रोमॅक्सच्या उजेडात अर्ध्या रात्रीपर्यंत त्याच्याभोवती बसून राहत, उठताना त्याच्या सदऱ्याला नोट टोचून जात. त्या वर्तुळात पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्नच नव्हता. तिथे काय पाहायला होते, असे तेव्हा कुणी विचारले होते का? दमलेला माणूस थांबत नाही, एवढेच पाहायला होते, आणि तेवढे सर्वांना पुरत होते. ती दृष्टी या मुलखात होती. ती गेली असेल, तर त्याचा दोष सायकलीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

यानंतरचे कलम मला सर्वांत जास्त चीड आणते, म्हणून त्यावर मी थोडा अधिक थांबतो. आपली पोरे मागेच राहणार, मग पाहायचे कुणाला, असे जे म्हणतात, त्यांना आमच्या शेजारच्या गोळेश्वरची आठवण कशी होत नाही? तिथले पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. त्या वेळी कऱ्हाड-कोल्हापूरच्या माणसांनी 'सहावा म्हणजे हरलाच' असा निवाडा देऊन हात झटकले असते, तर १९५२ साली हेलसिंकीला जायला लागणारी रक्कम कुठून उभी राहिली असती? ती रक्कम लोकांनी वर्गणी काढून जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीत चालल्या. त्या बैलगाड्या जिंकल्यावर निघाल्या. पण ते घर हरण्याच्या आणि जिंकण्याच्या मधल्या काळात गहाण पडले होते. विजेत्याला पाहायला कोणीही येतो. मागे पडलेल्याला पाहायला जो येतो, त्याच्या जिवावर पुढचा विजेता तयार होतो.

हे तत्त्व सायकलीलाही कसे लागू पडते, याचा दाखला रवांडा या देशाने अलीकडेच दिला आहे. हजार टेकड्यांचा देश म्हणून ओळखला जाणारा तो छोटा मुलूख; १९९४ च्या भीषण नरसंहारातून सावरलेला. त्याची राष्ट्रीय फेरी २००९ साली आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ या दर्जात दाखल झाली, म्हणजे ज्या दर्जात २०२६ साली पुण्याची शर्यत भरली, त्याच दर्जात. हा दर्जा म्हणजे अनेक टप्प्यांची, दुसऱ्या वर्गाची शर्यत. पुण्याची शर्यत सुमारे ४३७ किलोमीटरांची, एक छोटा प्रास्ताविक टप्पा व चार मोठे टप्पे अशी होती, आणि या दर्जाची बहुटप्पी शर्यत भारतात त्यापूर्वी भरलेली नव्हती. २०१९ साली रवांडाच्या फेरीला वरचा दर्जा मिळाला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात रस्ता सायकलीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा राजधानी किगालीत भरली. या स्पर्धेत स्वार आपापल्या व्यावसायिक संघांचे नव्हे, तर आपापल्या राष्ट्रांचे सदरे घालून उतरतात. १९२७ पासून चालत आलेली ही व्यावसायिकांची स्पर्धा आफ्रिका खंडात प्रथमच गेली.

२८ सप्टेंबरची पुरुषांची शर्यत २६७.५ किलोमीटरांची होती आणि तीत एकूण चढ ५,४७५ मीटरांचा होता, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या तिपटीहून अधिक. १६५ जणांनी सुरुवात केली, ३० जणांनी शेवट गाठला. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार शेवटचे ६६ किलोमीटर एकटा चालवत जिंकला. मार्ग शहराभोवतीच्या फेऱ्यांचा होता, त्यामुळे एका जागी उभ्या असलेल्या माणसाला तेच स्वार पुन:पुन्हा दिसत होते, दर फेरीला कमी होत जाणारे. दहा सेकंदांचा आक्षेप तिथे मुळातच उभा राहत नाही. आणि त्या टेकड्यांच्या दगडी फरसबंद चढांवर, घरांच्या छपरांवर, भिंतींवर, झाडांवर रवांडाची माणसे दाटीवाटीने उभी होती. जिंकणारा त्यांच्या देशाचा नव्हता, त्यांच्या खंडाचाही नव्हता. ती माणसे अडाणी होती म्हणून उभी होती काय? सोळा वर्षे दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी पाहणे कमावले होते, आणि त्या पाहण्याच्या बळावर जगाची स्पर्धा त्यांच्या दारात आली होती. मैदान बांधले की खेळ येतो, ही आपली सरकारी समजूत. रस्त्याच्या खेळात प्रेक्षक हेच मैदान असते. ज्या रस्त्याच्या कडेला माणसे नाहीत, तिथे शर्यत दुसऱ्यांदा येत नाही.

राहिला रस्ते बंद करण्याचा आणि खड्ड्यांचा मुद्दा. रस्ते काही तासांसाठी अडवले जातात, हे खरे. रुग्णवाहिकेला वाट मिळालीच पाहिजे, हेही खरे, आणि ज्या गावात कृष्णा रुग्णालयासारखे मोठे रुग्णालय आहे त्या मलकापूरच्या माणसाने हे विसरता कामा नये. एवढी सवलत देऊन मी विचारतो : मंत्र्यांच्या ताफ्यासाठी, सभांसाठी, मिरवणुकांसाठी रस्ता अडतो, तेव्हा हा रयतेचा कळवळा कुठे असतो? कऱ्हाड-मलकापूरच्या उड्डाणपुलाच्या कामात कोल्हापूर नाक्यापासून वाहनांच्या रांगा लागत होत्या, तेव्हा उद्याच्या सोयीसाठी आजची गैरसोय सोसली पाहिजे, हे आपण सर्वांनी एकमेकांना समजावले आणि सोसलेही. तो शहाणपणा एका सकाळपुरताही शर्यतीच्या वाट्याला येऊ नये?

खड्ड्यांविषयीची तक्रार रास्त आहे. फक्त तिचा पत्ता चुकला आहे. पाहुणे येणार म्हणून जो रस्ता काही महिन्यांत डांबरी आणि सपाट होऊ शकतो, तो इतकी वर्षे का झाला नाही, हा सवाल बांधकाम खात्याला आणि कंत्राटदाराला विचारायचा आहे. शर्यतीने उलट त्यांच्याविरुद्ध पुरावाच निर्माण केला : पैसा, यंत्रसामग्री, मुदतीत काम पुरे करण्याची क्षमता, हे सारे होते, अंमलबजावणीची इच्छा नव्हती. जिने हे सिद्ध केले, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा कुठला न्याय? सायकलस्वार पाच दिवसांनी आपल्या देशी गेले, डांबर घेऊन गेले नाहीत. त्याच रस्त्यावरून आज एस.टी. जाते, शाळेची पोरे जातात, उसाच्या ट्रॉल्या जातात. सायकलीचे चाक बोटभर जाडीचे असते. त्याला जो रस्ता चालतो, तो सर्वांना चालतो. अशी कडक तपासणी आपल्या रस्त्यांची आणखी कुणी करते, असे मला दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे, विरुद्ध पक्षाला कितीही अप्रिय वाटले तरी, असे आहे, की व्यावसायिक सायकल शर्यतीला कडेला जाऊन उभे राहणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग नसून सार्वजनिक जीवनातील एक सन्मान्य कृत्य आहे. सायकलस्वार तिथे आपली शक्ती देतो, गाव आपला रस्ता देते, आणि प्रेक्षक आपला वेळ देतो. या तिघांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला, तरी शर्यत होत नाही, नुसती वाहतूक होते.

आणि आता हे गाऱ्हाणे पुण्यापाशी थांबता कामा नये. कऱ्हाडहून ओगलेवाडीमार्गे सुर्लीचा घाट चढून कडेगाव, आणि पुढे विटा, हा गुहागर-विजापूर महामार्गाचा भाग आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे तो एका दमात जोडतो, आणि त्या घाटाच्या वळणावळणावर हजारो माणसे उभी राहू शकतात. दुसऱ्या अंगाला पाटण-कोयनानगरवरून कुंभार्लीच्या माथ्यापर्यंतचा रस्ता आहे. टप्पा मलकापुरातून सुटावा, आगाशिवच्या लेण्यांच्या पायथ्याशी आणि प्रीतिसंगमाच्या साक्षीने, यात अशक्य असे काय आहे? मीटर बसवून घरोघरी चोवीस तास पाणी देण्याची योजना या गावाने काढली, तेव्हाही ती होणार नाही असे सांगणारे होते. ती झाली, आणि बाहेरगावचे लोक ती पाहायला येऊ लागले. मलकापूर नगरपरिषदेने असा ठराव करावा, तो सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांकडे आणि राज्य शासनाच्या क्रीडा खात्याकडे रवाना करावा, आणि ज्यांची त्याला हरकत असेल त्यांनी ती चहाच्या गाड्यावर न सांगता सभेत, सकारण आणि सहीनिशी दाखल करावी. माझी सही ठरावाच्या बाजूने आहे.